वरून येणारं पाणी

दादाचा फोन आला तेव्हा मी चौकात शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पत्रा सुकायची वाट बघत होते. सकाळपासून उघडीप होती. पुनर्वसूचा तरणा पाऊस धो धो कोसळून जरा दम घेत होता. ‘काय चाललंय?’ दादाने विचारलं. ‘पन्हळ गळतेय, तिचा सांधा करतेय,’ मी म्हटलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘आता कशाला गं हात घालतेस त्याला? दिवाळीनंतर बिल्डरच्या करारावर सह्या करायच्या आहेत ना? पाडणारच आहेत सगळं.’ आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दमलेल्या माणसाने दुसऱ्या दमलेल्या माणसाला द्यावा तसा सल्ला होता तो. मी ‘बघते’ म्हणून विषय बदलला, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, नातीची केली आणि फोन ठेवून पुन्हा शिडी चढले. पण ते ‘कशाला’ काही डोक्यातून जाईना. भाजी निवडताना, रात्री आईला गोळ्या देताना ते मध्येच येऊन उभं राहायचं. त्याला धड उत्तर दिलं नव्हतं याचीच रुखरुख जास्त होती.

आमचं घर जुन्या नाशकात, तिवंध्याकडून गोदावरीकडे, म्हणजे आमच्या गंगेकडे, उतरत जाणाऱ्या एका बोळात. बाहेरून बघाल तर अरुंद दार, दोन दगडी पायऱ्या, ओटा. आत शिरलं की चौक. चारही बाजूंची कौलं आतल्या अंगाला उतरतात, म्हणजे पाऊस आमच्याकडे घराच्या भोवती पडत नाही, घराच्या मधोमध पडतो. लहानपणी बाहेरगावच्या पाहुण्यांना याची फार गंमत वाटायची. ते पाणी चौकात थेट पडू नये म्हणून छपराच्या कडेने जस्ती पत्र्याची पन्हळ फिरवलेली आहे. ती सगळं पाणी आग्नेय कोपऱ्यातल्या नळातून खाली आणते आणि फरशीखालच्या दगडी मोरीतून बोळात सोडते. पन्हळीचा सांधा सुटला की पाणी जोत्याच्या कडेवर पडतं, उसळतं आणि खांबांच्या पायाशी जातं. सागवानी खांब तळखड्यांवर उभे आहेत. तळखडा काळ्या दगडाचा, त्याला पाण्याचं काही नाही. लाकूड मात्र तिथेच, दगडाला टेकतं त्या बोटभर जागेत, ओल धरतं आणि तळातून कुजायला लागतं. वरून बघाल तर खांब अजून तेल लावल्यासारखा दिसत असतो.

ही झाली चौकातली पन्हळ, डोळ्यांसमोरची. दुसरी एक आहे, ती कोणाला दिसत नाही. पूर्वेला आमच्या छपराचा बाहेरचा उतार आणि शेजारच्या काकूंचं छप्पर एकमेकांकडे उतरतात आणि दोन्हींच्या मधे, सामायिक भिंतीच्या बरोबर डोक्यावर, एक रुंद पन्हळ आहे. तिच्यात दोन घरांचं पाणी येतं. ती गळली तर ना आमच्या चौकात टपटप होत, ना त्यांच्या. पाणी सरळ भिंतीत जातं. आणि ती भिंत म्हणजे खाली दगड, बाहेरून विटांचा पापुद्रा आणि पोटात पांढरी माती.

नाशिकला पाणी मोजायची फार जुनी सवय आहे, पण ते खालून येणारं पाणी. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की अर्ध्या तासात अख्ख्या गावाला आकडा तोंडपाठ असतो. मग सगळ्यांची पावलं गोदाघाटाकडे. तिथला दुतोंड्या मारुती म्हणजे पुराची मोजपट्टी. त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. भांडी बाजारात शिरलं का, सराफ बाजारात शिरलं का, सरस्वती नाला उलटला का. 1969 चा पूर माझे वडील, अण्णा, डोळे मोठे करून सांगायचे. 2008, 2016 आणि 2019 चे आम्हीच पाहिले. होळकर पुलावर उभं राहून ते तांबडं पाणी बघताना पोटात गोळा येतो आणि तरी नजर हलत नाही. माणसं लेकरांना खांद्यावर घेऊन बघायला येतात. पुराला तारीख असते, खूण असते, फोटो असतो. पण आमच्या भागातले वाडे बसतात ते बहुतेक नदीने नाही. आम्ही टेकडावर आहोत, तिथे नदी पोहोचतच नाही. ऐन श्रावणात, पाऊस थांबून ऊन पडल्यावर, दुपारी जेवणाच्या वेळेला एखाद्या बोळातून धडाड्‌दिशी आवाज येतो, धुळीचा लोट उठतो आणि कळतं की अमक्यांची मागची भिंत गेली. लोक म्हणतात, ‘पाऊस तर थांबला होता की!’ पाऊस थांबलेला असतो, भिंत भिजलेली असते. कित्येक वर्षं थेंब थेंब तिने पोटात घेतलेले असतात. त्या पाण्याला कोणी मारुती नाही.

अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं. ते वाड्यांच्या बांधकामातले जाणकार नव्हते, पोस्टात होते. पण मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळे घमघमाटाचं कौतुक करत ओट्यावर, आणि अण्णा चौकात, डोक्यावर इरल्यासारखं पोतं घेऊन, मान वर. पहिल्या पावसात ते कशालाही हात लावत नसत. नुसतं बघायचे. कुठून धार, कुठून थेंब, कुठून पाणी पन्हळीच्या काठावरून ओसंडतंय आणि कुठून पन्हळीच्या मागून वाशाच्या टोकावर येतंय, हे सगळं वेगवेगळं दुखणं, असं त्यांचं म्हणणं. ओसंडणं म्हणजे गळती नव्हे. पुढे कुठेतरी तुंबलंय. मागून येणारं पाणी म्हणजेही गळती नव्हे. शेवटच्या ओळीतली कौलं आखूड पडतात आणि पाणी त्यांच्या पोटाला चिकटून मागे वळतं. त्यावर पन्हळीला कितीही लुकण, म्हणजे सांधा बुजवायचा लेप, फासा, उपयोग शून्य. तिथे कौलाखालून पत्र्याची पट्टी सारून तिचं टोक पन्हळीत सोडायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं सगळ्यात जास्त कुठे होत असेल तर ते गळतीच्या कामात होतं.

खरी गळती तर आणखी चकवते. थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. भोकातून आलेलं पाणी पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला धरून, उताराच्या दिशेने निघतं आणि पहिला अडसर येईल तिथे, पन्हळ टांगलेल्या एखाद्या आकड्यापाशी किंवा पोचा पडलाय तिथे, थांबतं आणि टपकतं. चौकात तुळशीच्या कुंडीवर पडणारा थेंब हातभर वरच्या सांध्यातून निघालेला असतो. म्हणून अण्णा उघडीप पडली की पन्हळ कोरडी होऊ द्यायचे, खालून खडूची भुकटी बोटाने चोळायचे आणि मग तांब्याने पाणी घालायचे. सुरुवात नळाच्या बाजूने, म्हणजे सखल टोकाकडून. एक सांधा भिजवायचा, बघायचं, मग त्याच्या वरचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहत जातं आणि गुन्हेगार कोणता ते कळतच नाही. खालून घेतलं की खडूच्या पांढऱ्यावर अचानक एक काळपट रेघ उमटते, अगदी केसासारखी, आणि ती जिथून सुरू होते तिथे अण्णा पेन्सिलीने फुली मारायचे. मी शिडी धरायला असायचे. ती रेघ उमटताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो.

यंदा ते सगळं मी केलं. आधी गाळ काढला. पन्हळीतला गाळ उपसणं हे काम म्हणून नकोसं आहे, पण मला ते आवडतं, कारण घराचं अख्खं वर्ष त्यात थरांनी बसलेलं असतं. वर पिंपळाची पानं, काळी, चिवट, कुजून नुसती जाळी उरलेली. त्याखाली कौलांचा तांबडा चुरा, पारव्यांची पिसं, संक्रांतीचा गुंता झालेला मांजा, पतंगाची कामटी. दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या त्या आईच्या तोरणातल्या, वाऱ्याने उडून गेलेल्या. आणि पिंपळाचं एक रोप, दोन पानांचं, सांध्यातच मूळ धरलेलं. पिंपळ उपटायला मन धजत नाही. अण्णा तो मुळासकट काढून नदीकाठी लावायला न्यायचे, मीही नेला. गाळाचा वास हाताला रात्रीपर्यंत राहतो, विहिरीच्या तळासारखा, थंड आणि थोडा आंबूस. निम्मी गळती गाळ काढल्यावरच थांबते हे मात्र खरं. पाणी साचून राहिलं की त्याला भोक शोधायला वेळ मिळतो. वाहतं राहिलं तर ते शोधत बसत नाही. म्हणूनच पन्हळीला उतार हवा. दहा फुटांना अर्धा इंच, त्याहून जास्तही नको, नाहीतर छपराची कड आणि पन्हळ यांच्यात फट पडते आणि जोराच्या सरीत पाणी बाहेरच उडतं. आमच्या उत्तरेच्या बाजूचा एक आकडा मांजरांच्या उड्यांनी वाकला होता आणि तेवढ्या भागात पाणी डबक्यासारखं उभं होतं. आकडा पकडीने वर घेतला, सुतळी ओढून उतार बघितला, पाणी निघून गेलं.

मग सांधा. सांधा जवळून बघण्यासारखा असतो. दोन पत्रे एकमेकांवर चार बोटं चढवलेले, रिबिटांची ओळ, आणि रिबिटांच्या भोवती आधी पांढरी भुकटी, मग तपकिरी वर्तुळं. पांढरी भुकटी दिसते तोवर जस्त खर्ची पडतंय, लोखंड अजून सुरक्षित आहे. तांबडं दिसलं की जस्त संपलं. वरच्या बाजूचा पत्रा खालच्याच्या वर यायला हवा, कौलांवर कौल चढतं तसा, पाण्याच्या वाटेने. उलटा चढवला तर प्रत्येक सर सांध्याच्या तोंडात शिरते. आमच्या घरातले सांधे झाळलेले होते. भद्रकालीत एक चाचा पत्र्याचं काम करायचे, तेच दरवर्षी आगोटीला येत. कोळशाच्या शेगडीवर तांब्याच्या जाड टोकाचं अवजार तापत ठेवायचे. मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे टाकून ते मारून घ्यायचे. फसफस थांबली की ते पाणी काडीने सांध्याला लावायचे. चरचर, धूर, नाकात झोंबणारा वास, आणि मग कथील-शिशाची कांडी टोकाला लागली की ती अशी पाण्यासारखी सांध्यात धावायची की बघत राहावं. ‘ताई, जवळ नको, डोळ्यांना लागेल,’ म्हणायचे. मी सात-आठ वर्षांची, तरी ताईच.

चाचांनी एकदा अण्णांना सांगितलेली गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. अण्णांच्याही आधी कोणीतरी मधल्या पन्हळीला तांब्याचं ठिगळ लावलं होतं. नाशकात तांब्याला काय तोटा! तांबट लेन हाकेच्या अंतरावर. चांगल्यात चांगली धातू आणून लावली, कायमचं काम झालं, असंच त्या माणसाला वाटलं असणार. ठिगळ जसंच्या तसं राहिलं आणि त्याच्या भोवतीचा जस्ती पत्रा काही पावसाळ्यांत खाऊन गेला. चाचा म्हणाले, या दोन धातू ओल्या झाल्या की एकमेकींच्या वैरी होतात, तांबं टिकतं आणि जस्त झिजतं. तांब्यावरून वाहून आलेलं पाणी जस्तावर पडलं तरी तेच. ज्याचं ठिगळ लावायचं ते त्याच्याच जातीचं हवं, जस्ती पत्र्याला जस्ती पत्रा. ते तांब्याचं ठिगळ, कडेला हिरवट आलेलं, अण्णांच्या टेबलाच्या खणात आहे. मी ते टाकलेलं नाही, टाकणारही नाही.

चाचा गेले, त्यांचा मुलगा वेल्डिंगच्या कामाला लागला. आता झाळणारा माणूस शोधायला गेलं तर लोक पत्ता सांगायच्या ऐवजी ‘नवीन पीव्हीसी टाका ना’ म्हणतात. पीव्हीसी वाईट नाही. त्याचे सांधे रबरी पट्टीवर असतात, ती कडक झाली की बदलली, झालं काम. पण दोन छपरांच्या मधल्या आमच्या रुंद पन्हळीला तो आकार मिळत नाही. म्हणून मी हल्लीची नळीतली लुकण वापरते. हार्डवेअरच्या दुकानात मागाल तर आधी साधं सिलिकॉन हातात ठेवतात. ते बाथरूमच्या फरशीला ठीक, जस्ताच्या पत्र्याला धरत नाही. उन्हाळ्यात एका टोकाने उचलतं आणि सालपटासारखं निघून येतं. पॉलियुरेथेनची किंवा ब्युटिलची मागायची. एम-सीलसारखी घट्ट होणारी लुकण टाचणीएवढ्या भोकाला उत्तम, पण सांध्याला नको, कारण सांधा हलतो. वीस फुटांची पत्र्याची पन्हळ वैशाखातल्या पहाटे आणि भर दुपारी मिळून दोन-तीन मिलिमीटरने लांब-आखूड होते. रोज, अख्खा उन्हाळा. ताठ असलेलं जे काही असेल ते त्या ओढाताणीत तडकतं, कथीलही तडकतं. गळती आपल्याला मृगात दिसते, पण ती झालेली असते वैशाखात, कोणी वर बघत नसताना.

तारेच्या ब्रशने गंज काढला, तांबडी पूड फडक्याने पुसली, पॉलिशपेपर मारला तोवर पत्रा खाली करडा दिसू लागला. मग सुकू दिला. हे सुकणं फार महत्त्वाचं. नाशकाच्या पावसाची यात कृपा आहे. इगतपुरी-त्र्यंबकला झड लागली की पत्रा सुकायची गोष्टच नको. इथे मात्र सह्याद्रीने बरंचसं आधीच अडवून घेतलेलं असतं. आमच्याकडे बऱ्याचदा नुसती बुरबुर असते आणि मध्येच अशी लख्ख उघडीप पडते की पत्रा तासाभरात हाताला चटका देतो. मी लुकणीची वात आतल्या बाजूने, सांध्याच्या रेघेवर आणि प्रत्येक रिबिटाच्या डोक्यावर सोडली, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून दाबत नेली. बाहेरून लावली तर पाणी पत्र्यांच्या मधे तसंच राहतं आणि आतून गंजवतं. थेंब बंद होतो, दुखणं नाही. जिथे गंजाने जाळी झाली होती तिथे पत्र्याचा तुकडा कापून, खाली-वर लुकण देऊन, रिबिटं मारून बसवला. नंतर एक रात्र पाऊस येऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद विटांनी दाबून ठेवला. तो आलाही नाही.

मधल्या पन्हळीसाठी छपरावर जावं लागतं, तिथे मी एकटी जात नाही. शेजारच्या काकूंचा नातू आला, तो उंच आहे आणि चपळ आहे. काकू खाली दारात उभ्या. ऐंशीच्या आसपास असतील. काम झाल्यावर चहाला आत बोलावलं. त्यांचं देवघर बरोबर त्या सामायिक भिंतीला लागून आहे, आणि देवांच्या मागे, समईच्या उंचीवर, ओलीचा एक डाग आहे, पिवळसर, कडेने पापुद्रे सुटलेला. मी तो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. काकू म्हणाल्या, ‘हा वाढला की मला कळतं, तुमची पन्हळ भरलीय.’ मी म्हटलं, ‘काकू, सांगायचंत ना!’ तर म्हणाल्या, ‘अण्णा होते तेव्हा सांगावं लागायचं नाही. डाग दिसायच्या आधीच वर पाय वाजायचे त्यांचे. नंतर म्हटलं, तू एकटी, आईचं सगळं करतेस, त्यात आणखी कुठे.’ आणि त्यांनी वाटीत शिऱ्याचा आणखी एक चमचा घातला.

मला काही बोलता आलं नाही.

घरी येऊन मी कागदावर साधा हिशेब मांडला. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या आणि त्यांच्या छपराच्या त्या दोन उतारांचं मिळून पन्नास चौरस मीटर तरी होतं. एका रात्रीत चाळीस मिलिमीटर झाला, आणि नाशकात असा पाऊस दर मोसमात होतोच, तर दोन हजार लिटर पाणी त्या एका पन्हळीतून, त्या मातीच्या भिंतीच्या डोक्यावरून जातं. शंभरातलं एक लिटर जरी सांध्यातून झिरपलं तरी एका रात्रीत भिंतीने वीस लिटर प्यायलं. एक घागर. मृगापासून हस्तापर्यंत अशा किती घागरी होतील, ते मी मांडलं नाही. त्या भिंतीला टेकून काकूंचे देव आहेत आणि या बाजूला आईची खाट आहे.

दादाच्या ‘कशाला’ला हे उत्तर आहे असं मला त्या संध्याकाळी वाटलं, आणि अजूनही वाटतं. घर आमचं आहे, वाटण्या आमच्या आहेत, सह्या आम्ही करू. पण पन्हळ एकट्या आमची नाही. ती दोन घरांच्या मधे आहे आणि तिच्यातून सुटलेलं पाणी कोणाच्या हिश्शाचा विचार करत नाही. करार दिवाळीनंतर आहे. मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त त्याच्या आधी आहेत. आणि खरं सांगायचं तर करार कागदावर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी पाडायला कोणी येत नाही. आमच्याच बोळात असे वाडे आहेत ज्यांच्या सह्या होऊन काळ लोटला, सगळे राहायला बाहेर गेले, आणि रिकाम्या घरात पन्हळ तुंबलेली, पिंपळ मनगटाएवढा झालेला. त्यांच्या शेजाऱ्यांना झोप कशी लागत असेल?

तरी दादावर मी रागावू शकत नाही. पावसाळी रात्री कंदील घेऊन अण्णांच्या बरोबर माळ्यावर जाणारा तोच होता. पातेली, बादल्या, घंगाळ, जे हाताला येईल ते गळक्या जागी ठेवणारा, आणि पहाटे ती ओतणारा. दहावीच्या परीक्षेच्या पुस्तकांना त्या माळ्यावरच बुरशी लागली होती. त्याला या घरापासून सुटायचं होतं आणि तो सुटला, पुण्यात पाचव्या मजल्यावर राहतो, जिथे पाऊस खिडकीच्या काचेपलीकडे पडतो. पाच वारस, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला येणारी धोकादायक वाड्याची नोटीस, माझी चढउतार, आईचे पाय. तो हे सगळं बघून सांगतो. आणि माझंही मन एक नाही. आईला रात्री उठून मोरीत जाताना त्या उंबऱ्याची आणि चौकातल्या शेवाळाची मला भीती वाटते. कोरड्या, सपाट, उंबरा नसलेल्या घरात तिला न्यावं असं मलाच कितीदा वाटतं. सह्या मीही करणार आहे, मनापासून करणार आहे. आणि तरी सांधा नीट बसला, तांब्याने पाणी घातलं, खालची खडूची भुकटी पांढरीच राहिली, तेव्हा जो आनंद झाला तो मी बाकी कशासाठी देणार नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकाच वेळी आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत.

नव्या घराबद्दल मला एकाच गोष्टीची धास्ती आहे. गंगापूर रोडला, इंदिरानगरला ओळखीच्यांची घरं बघते. गच्चीवरचं पाणी खाली आणणारे पाइप सुंदर दिसावं म्हणून भिंतीत गाडलेले, वरून प्लास्टर, वरून महागडा रंग. काही वर्षांनी चौथ्या मजल्यावरच्या कपाटामागे बुरशी येते आणि मग सुरू होतं, तुमच्याकडून की आमच्याकडून, वरच्यांकडून की बाजूच्यांकडून. सोसायटीच्या बैठकींत वर्षं जातात. फरशा फोडतात, भिंती फोडतात, आणि गळणारा सांधा कोणाला सापडत नाही, कारण तो बघायची सोयच ठेवलेली नसते. आमच्या वाड्यात दुखणं असेल, पण ते बघता येतं, त्याला हात लागतो. पोस्टातला माणूस खडू घेऊन शोधू शकतो, त्याची मुलगी शोधू शकते.

बिल्डरकडून आलेला कराराचा मसुदा वहिनीने मला पाठवला आहे. त्यात चटईक्षेत्र, पार्किंग, स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट, खिडक्यांची जाडी, सगळं आहे. पावसाच्या पाण्याबद्दल एक अक्षर नाही. मी तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय: गच्चीच्या पाण्याचे पाइप भिंतीत गाडायचे नाहीत, बाहेरून दिसतील असे घ्यायचे. प्रत्येक वळणाला उघडून साफ करता येईल असं झाकण. गच्चीच्या मोरीला उतार किती ते नकाशावर आकड्यात. काम सुरू झाल्यापासून शेजारच्या भिंतीच्या डोक्यावर पत्रा झाकून ठेवायची जबाबदारी बिल्डरची, काकूंचं घर उभं आहे तोवर. वहिनीला वाटतं बिल्डर पहिल्या तीन गोष्टी ऐकेल, चौथीला का-कू करेल. मी तिला कळवलंय की पहिल्या तीन सोडल्या तरी चालतील.

पश्चिमेची पन्हळ अजून राहिली आहे. तिथले दोन सांधे पांढरे पडलेत, तांबडे नाहीत. पत्रा आणून ठेवलाय, काकूंच्या नातवाला रविवारी यायला सांगितलंय. उघडीप मिळाली तर मघा लागायच्या आत होऊन जाईल.